भाजलेल्या कोंबडीचा कैवार

आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनांत अख्खी भाजलेली कोंबडी आता मानाने येऊ लागली आहे, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. तथापि तिला सोलून, दह्यात आणि आलेलसणाच्या वाटणात मुरवून आपण जेव्हा ओव्हनमध्ये ठेवतो, तेव्हा तंदूरच्या धगधगत्या आचेसाठी सिद्ध झालेली रीत आपण घरगुती ओव्हनवर लादत असतो, आणि परिणामी तंदुरीही साधत नाही व रोस्टही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायदेशी कोंबडी बहुधा सोललेलीच मिळते, आणि रश्श्यासाठी ते योग्यही आहे, कारण रश्श्यात शिजलेली कातडी बुळबुळीत होते. परंतु कोरड्या आचेत तीच कातडी आपल्याच चरबीत तळली जाऊन खरपूस होते, आणि तिच्या आड मांसाचा रस टिकतो. पृष्ठभागावर पाणी असेतोवर तेथील तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि 1912 साली लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वर्णिलेली, रंग व सुगंध देणारी प्रक्रिया तर त्याहून बऱ्याच अधिक उष्णतेवर जोम धरते. म्हणून दह्याचा ओला लेप येथे विघ्नच ठरतो.

मग मुरवणे वर्ज्य करावे काय? मुळीच नाही, मुरवावे ते मिठात. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेत जूडी रॉजर्स यांनी जी पद्धत नावारूपास आणली, तिच्यात तीन पौंडांच्या आसपासची लहान कोंबडी टिपून अगदी कोरडी करतात, थाइम किंवा सेजच्या कोवळ्या डहाळ्या कातडीखाली सारतात, मीठमिरी चोळतात आणि एक ते तीन दिवस तिला फ्रीजमध्ये स्वस्थ राहू देतात. मीठ प्रथम पाणी बाहेर ओढते, त्यातच विरघळते, आणि हळूहळू आत उतरून मांसाची रस धरून ठेवण्याची शक्ती वाढवते. ज्यांनी लोणच्यासाठी महिनाभर धीर धरला आहे, त्यांना एवढी मुदत जड वाटू नये.

लसणाविषयीही माझा आग्रह आहे. लसूण ठेचला की पेशी फुटून त्याचा उग्र तिखटपणा जन्मास येतो, आणि तेच वाटण कातडीवर करपले की कडू होते. उलट अख्ख्या पाकळ्या सालीसकट कोंबडीभोवती टाकल्या, तर तो तिखटपणा निर्माण करणारे विकर उष्णतेने निकामी होते आणि पाकळी लोण्यासारखी मऊ व गोडसर होते. प्रॉव्हान्समधील, आणि अमेरिकेत जेम्स बियर्ड यांनी लोकप्रिय केलेली, चाळीस पाकळ्यांची कोंबडी याच गुणावर उभी आहे. म्हणून हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न हाडाजवळच्या गुलाबी छटेचा, जिच्या भयाने आपल्या घरांत छातीचे मांस भुशासारखे होईतो आच चालू राहते. कोवळ्या कोंबडीत पूर्ण शिजल्यावरही ती छटा राहू शकते. अमेरिकेच्या कृषिखात्याचा दंडक रंगाचा नसून 165 अंश फॅरनहाइटचा आहे, आणि तो मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता मोजावयाचा असतो. तेव्हा पुढील स्नेहभोजनापूर्वी कार्यकारिणीने मंडळाच्या मुदपाकखान्यासाठी दोन चांगले थर्मामीटर खरेदी करण्यास मंजुरी द्यावी, अशी माझी विनंती आहे.