ब्लास्टिंगचा खर्च किलोवर मोजावा की चौरस मीटरवर?

पोलादावरचा गंज आणि जुना रंग काढण्यासाठी दाबाच्या हवेतून कठीण कणांचा मारा करतात. हे कण बहुतेक ठिकाणी किलोचा भाव पाहून निवडले जातात. माल एकदा वापरून टाकायचाच आहे, तर स्वस्तातला घ्यावा, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. त्यात फक्त खरेदी मोजली जाते. वापरानंतर उरणारा ढीग हिशेबाबाहेर राहतो.

वाळू याच हिशेबामुळे टिकून राहिली. आदळताच तिचा कण फुटून पूड होते, म्हणून ती पुन्हा वापरता येत नाही. पुडीतल्या सिलिकामुळे फुफ्फुसांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने ओतीव व इतर वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास १९४९ मध्येच मनाई केली. तांबे गाळताना निघणाऱ्या कॉपर स्लॅगमध्ये मुक्त सिलिका अत्यल्प असते. पण तोही एकदोनदाच चालतो, त्यामुळे ढीग फारसा घटत नाही.

समजा, चौरस मीटरला ४० किलो वाळू लागते. मग १,००० चौरस मीटरसाठी ४० टन कचरा होतो. जुन्या रंगात शिसे किंवा क्रोमेट पुरेशा प्रमाणात असेल, तर हा सगळा ढीग घातक ठरतो. घातक कचऱ्याविषयीच्या भारताच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत प्रकल्पातच पाठवावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे असे प्रकल्प आहेत. वाहतूक आणि विल्हेवाट या दोन्हींचे पैसे वजनावर मोजावे लागतात. किलोमागे वाचलेले रुपये इथे निघून जातात.

याउलट स्टील ग्रिटचा, म्हणजे पोलादी खड्यांचा, कण सहज फुटत नाही; तो शंभराहून अधिक वेळा वापरता येतो. मारा ४० टनांचाच धरला, तरी शंभर फेऱ्यांच्या हिशेबाने जेमतेम ४०० किलो ग्रिट झिजते. रंगाची धूळ हवेच्या झोताने वेगळी होते, म्हणून घातक कचरा थोडाच उरतो.

यावर आक्षेप असा, की ग्रिट गोळा करून पुन्हा वापरण्यासाठी लागणारी बंद खोली, ग्रिट उचलणारी यंत्रणा आणि धूळ गोळा करणारे यंत्र यांचा खर्च मोठा आहे. वर्षातून चार कामे करणाऱ्यासाठी तो आक्षेप खराच आहे. मात्र रोज तुळया आणि टाक्या साफ करणाऱ्या कारखान्यात तो टिकत नाही, कारण तिथे हा खर्च हजारो चौरस मीटरवर विभागला जातो.

म्हणून सगळीकडे ग्रिटच वापरावे, असेही नाही. गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठी उघड्यावर बार्ज साफ करताना ग्रिट पूर्ण गोळा होत नाही आणि दमट हवेत गंजते. तिथे ताडपत्री अंथरून तीन ते पाच वेळा वापरता येणारे गार्नेट हे खनिज योग्य ठरते. स्टेनलेस स्टीलमध्ये ग्रिटचे लोखंडी कण रुतून गंजाचे डाग पडतात. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी घ्यावेत.

माल योग्य असला, तरी नोझलकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १० मिलिमीटरचे भोक झिजून १२ चे झाले, की तोच दाब राखायला सुमारे ४४ टक्के जास्त हवा लागते. सफाईचा एसए २.५ दर्जा पुरत असताना त्याहून कडक एसए ३ पर्यंत घासणे हीही उधळपट्टीच आहे.

तेव्हा निविदेत किलोच्या भावाऐवजी साफ केलेल्या चौरस मीटरचा पूर्ण खर्च मागवावा: माल, हवा, मजुरी आणि कचऱ्याची विल्हेवाट धरून.