मेलेला गडी पुन्हा उठतो कसा?

लाइट्स आउटनंतर आमच्या डॉर्मिटरीत सर्वांत जास्त वाद होतात ते कॉम्प्युटर गेम्सवरून. हॉस्टेलमध्ये मोबाइल नसतो, त्यामुळे खेळता येत नाही, मग आम्ही नुसते बोलतो. कुठली बंदूक भारी, कुठला नकाशा अवघड, सुट्टीत कोण किती वेळा जिंकला. मीही त्यात असतो. खोटं कशाला सांगू, शूटर गेम मला आवडतात. पण या दिवाळीच्या सुट्टीपासून माझं मत थोडं बदललं आहे, आणि आपल्या मासिकात ते मांडावं असं वाटलं.

आमचं घर नवा रायपूरला आहे. तिथले रस्ते भलेमोठे रुंद आणि संध्याकाळी सात वाजताच सामसूम. सेक्टरमध्ये माझ्या वयाची मुलं कमी, म्हणून सुट्टीतला बराच वेळ लॅपटॉपसमोर जातो. बाबा केंद्रीय सुरक्षा दलात आहेत आणि त्यांची नेमणूक बस्तरमध्ये आहे. दिवाळीला ते पाच दिवस घरी आले होते. एका रात्री मी खेळत असताना ते चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "अरे, हा माणूस वीस मिनिटं पळतोय. याचं पाणी कोण वाहतं?"

मी हसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि गेलास त्याच वाटेने परत आलास?" मी म्हटलं, "बाबा, गेममध्ये तसं काही नसतं." तेवढ्यात मला गोळी लागली. मी बटण दाबून नवीन डाव सुरू केला. बाबा आत निघून गेले.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आपण ज्याला 'युद्धाचे गेम' म्हणतो, त्यांतले बहुतेक नेमबाजीचे गेम असतात. १९९३ साली 'डूम' आला आणि बंदुकीच्या मागून जग बघायची ही पद्धत घरोघरी पोहोचली. पुढे बॅटल रॉयल आले. शंभर जण उतरतात, वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी उरतो तो जिंकतो. हे नाव २०००च्या एका जपानी चित्रपटावरून पडलं. २०२० साली 'पबजी'वर आपल्याकडे बंदी आली, पण पुढच्याच वर्षी त्याचा भारतीय अवतार आला. पुण्याच्या कंपनीने २०२४मध्ये 'इंडस' काढला. त्यात वेश आपला आहे, याचा मला अभिमानच वाटतो, पण साचा बॅटल रॉयलचाच. नकाशावर दिसेल तो शत्रू, हा पहिला नियम. बाबा जिथे काम करतात तिथे दिसणारी जवळजवळ सगळी माणसं गावकरी असतात. बाजाराला निघालेली, सरपण आणणारी. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून बाबा हलबी शिकले. त्यात मराठीसारखे बरेच शब्द आहेत, असं ते सांगतात.

वेगळ्या कल्पनांचे गेम नाहीत असं नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये (१९९७) नकाशा सुरुवातीला काळा असतो. आपला माणूस पोहोचेल तेवढंच दिसतं. अमेरिकी सैन्याने २००२मध्ये स्वतःचा 'अमेरिकाज आर्मी' हा गेम काढला होता. त्यात वैद्यकीय मदतनीस व्हायचं तर आधी वर्गात बसून व्याख्यान ऐकावं लागे आणि परीक्षा द्यावी लागे! गेममध्येसुद्धा प्रेप, म्हणजे कमालच. पोलंडमध्ये झालेला 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) तर वेढा पडलेल्या शहरातल्या साध्या नागरिकांचा आहे. त्यात बंदुकीपेक्षा औषध मिळणं महत्त्वाचं.

पण मला सर्वांत आवडलेली कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' हा नकाशावरचा खेळ मांडला. खेळणारे लेखी आदेश देतात आणि मध्ये एक अंपायर असतो. तुमच्या तुकडीला जे दिसू शकेल तेवढंच तो तुम्हाला सांगतो. बुद्धिबळात समोरच्याची सगळी सेना डोळ्यांसमोर असते, इथे नसते.

याच धर्तीवर मी चौकटीच्या वहीत एक खेळ बनवला. नाव 'वाट'. आठ जवान, वीस गुणिले वीस घरांचा नकाशा, प्रत्येकाकडे तीन माप पाणी. नाल्याशी पाणी भरता येतं, पण नाला सगळ्यांनाच माहीत असतो. गेलात त्याच घरांवरून परत आलात तर अंपायर फासा टाकतो. भेटलेल्या गावकऱ्याला भाषा येत असेल तरच काही विचारता येतं, आणि भाषा शिकायला सुरुवातीलाच दोन चाली खर्च कराव्या लागतात.

खरी अडचण आली जखमी झालेल्या जवानाची. मित्र म्हणाले, तीन चालींनी परत उठू दे. हा हट्ट आपल्याकडे जुनाच आहे. कबड्डीत बाद गडी परत येतो, पण आपोआप नाही. साथीदाराने समोरचा बाद केला तर. खो-खोत बाद गडी बाहेर जातो, तो सगळी बाजू बाद झाल्याशिवाय परत येत नाही. म्हणून मी ठरवलं, उठणार नाही. चार जणांनी त्याला उचलायचं आणि त्या चौघांची चाल निम्मी.

वहीचे फोटो आईच्या फोनवर पाठवायला मी सरांकडून परवानगी घेतली. रविवारी बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "चार जण किती वेळ नेतील? आळीपाळीने बदलावे लागतात. त्या चौघांच्या रायफली आणि पाठीवरचं ओझं बाकीच्यांना घ्यावं लागतं. निम्मी चाल चौघांची नाही, सगळ्यांची कर." हे त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही. नियम बदलला.

आमच्या हाउसमध्ये 'वाट' आतापर्यंत अकरा वेळा खेळून झाला आहे. अर्धे जण म्हणतात, कंटाळवाणा आहे, मारामारीच नाही. ते खरंही आहे. सातव्या डावात एकही गोळी सुटली नाही आणि तरी आम्ही हरलो, पाणी संपलं म्हणून. नकाशावाचन शिकवणारे सर एकदा खेळले आणि नवव्या चालीला नाल्यावरच सापडले. माझं म्हणणं एवढंच, की आठवड्यातला एक तास असे खेळ खेळायला आणि बनवायला मिळावा. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, मोबाइलही लागत नाही.

एक अडचण मात्र आहे. अंपायर व्हायला कोणी तयार नसतं. खेळायला मिळत नाही, अशी सगळ्यांची तक्रार. पण पूर्ण नकाशा फक्त त्यालाच दिसतो. कोणाला यायचं असेल तर रविवारी दुपारी जेवणानंतर कॉमन रूममध्ये या. फासा आमच्याकडे आहे, पेन्सिल आपापली आणा.