तळघरातला थेंब

आमच्या सोसायटीच्या तळघरात एका नव्या कोऱ्या गाडीच्या टपावर पाण्याचे थेंब पडू लागले. स्प्रिंकलरच्या लाल पाइपाचा सांधा झिरपत होता. दोनदा प्लंबर आला, सुतळी-सफेदा झाला, आणि एक दिवस थेंब थांबले. सगळे खूश! ते का थांबले हे दीड वर्षानं कळलं. कुणीतरी त्या भागाचा व्हॉल्व्हच बंद करून टाकला होता. म्हणजे गाडी कोरडी आणि आग लागली असती तर तळघरही कोरडं. या काळात दर जानेवारीत आणि जुलैत, 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे द्यायचं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र फायलीत वेळच्या वेळी लागत होतंच.

बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला कागदाचं नवल राहत नाही. मला नवल वाटलं ते पाइपाचं. नवे पाइप घालायचे ठरलं तेव्हा जुन्याचा एक तुकडा कापून टेबलावर आला. बाहेरून धडधाकट, पण आट्यांपाशी कागदासारखा झालेला.

आपल्याकडे हे पोलादी पाइप आयएस 1239 या मानकाप्रमाणे तीन प्रकारांत येतात. हलका, मध्यम आणि जड. बाजारात त्यांना ए, बी आणि सी क्लास म्हणतात. ओळख म्हणून अंगावर अनुक्रमे पिवळी, निळी आणि लाल पट्टी असते. 25 मिलिमीटरच्या पाइपाची जाडी हलक्यात 2.6, मध्यमात 3.2 आणि जडमध्ये 4 मिलिमीटर. गंमत अशी, की तिघांचा बाहेरचा घेर सारखाच. वाढीव जाडी आतल्या बाजूला जाते. त्यात आगीचे पाइप म्हणून वरून सगळ्यांना लाल रंग फासला की पट्टीही गेली. मग कोण हलका आणि कोण जड, हे देवालाच ठाऊक.

सभेत एक सभासद म्हणाले, ‘‘अहो ताई, जुन्या पाइपांची दाबाची चाचणी पास झाली होती की! मग जाडीवर पैसे कशाला?’’ प्रश्न रास्त होता. पंपाचा दाब हलका पाइपही सहज सोसतो. पण जाडी फक्त दाबासाठी नसते. छोटे पाइप आटे पाडून जोडतात आणि 25 मिलिमीटरच्या पाइपावर आटे सुमारे दीड मिलिमीटर खोल जातात. 2.6 मधून दीड गेले, उरलं काय? उरलेल्या मिलिमीटरभराला पुढची वीस-पंचवीस वर्षं आतून गंज खात राहणार. पाणी साचून उभं असतं, वर कुठंतरी हवा अडकलेली असते. दुरुस्तीसाठी पाइप रिकामा करून पुन्हा भरला की गंजाला ताजा खुराक.

आम्ही बँकेत गोदामातल्या शंभर रुपयांच्या मालावर पंचाहत्तर रुपयेच देत असू. व्यापारी चिडायचे, ‘‘माल समोर दिसतोय ना?’’ दिसत असे. मार्जिन समोरच्या मालासाठी नव्हतंच, पुढं भाव पडला तर म्हणून होतं. पाइपाच्या जाडीचंही तसंच आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. आट्यांनी जोडायचे ते छोटे पाइप सी क्लासचेच घ्यावेत. वेल्डिंगनं किंवा खाच दाबून जोडायच्या मोठ्या पाइपांत धातू कापला जात नाही. तिथं बहुधा बी क्लास पुरे. सगळीकडे जडच हवं, हा हट्टही बरा नाही. जाड पाइपाचं पोट लहान होतं, त्यामुळं पाण्याचा हिशेब सल्लागाराकडून पुन्हा करून घ्यावा लागतो. खर्च म्हणाल, तर 25 मिलिमीटरचा मध्यम पाइप मीटरला सुमारे 2.4 किलो भरतो आणि जड सुमारे 2.9. फरक अर्ध्या किलो लोखंडाचा; मजुरी, आधाराच्या पट्ट्या, स्प्रिंकलरची तोंडं यांचा खर्च जवळपास तोच.

सिनेमात एक ठिणगी पडली की सगळ्या छतातून पाऊस पडतो. तसं प्रत्यक्षात होत नाही. तोंडाशी द्रव भरलेली काचेची कुपी असते. लाल द्रवाची कुपी 68 अंशांना फुटते आणि जिथं आग, तिथलंच तोंड उघडतं. त्या एका तोंडामागं पाणी असलं पाहिजे, एवढंच.

आम्हाला आलेल्या तीन कोटेशनांपैकी दोघांत जाडीच्या जागी ‘उत्तम प्रतीचा पाइप’ असं लिहिलं होतं. कादंबरीत मी अशी वाक्यं खोडते. परत पाठवून आकार, मानक आणि क्लास लिहून मागितलं. शिवाय ‘मोजून घेतल्याशिवाय रंग नाही’ अशी अट घातली. त्यावर एक-दोघं हसले.

गेल्या मंगळवारी माल आला. गोदामात पोत्यांची फक्त पुढची रांग मोजून चालत नाही, ही सवय अजून गेलेली नाही. खालपर्यंत ढीग उपसायला लावला आणि नातवाच्या कॉलेजचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसले. सोळा पाइपांवर लाल पट्टी. सतराव्यावर पिवळी. त्याच्या खाली आणखी चार पिवळे.

रंगारी डबा उघडून उभा होता. त्याला म्हटलं, ‘‘भाऊ, झाकण लावा. तोवर चहा घेऊ.’’