भाडे ठरते, दिवा-पाणी ठरत नाही

मुंबईत खोली पाहायला गेलेल्या माणसाला दलाल भाड्याचा आकडा सांगतो आणि हळूच जोडतो, ‘लाइट-पाणी त्यातच.’ एवढे ऐकून बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबाला हायसे वाटते. करारपत्रात मात्र ते शब्द पुष्कळदा उतरत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत फ्रिजचे निराळे, पाण्याच्या मोटारीचे निराळे अशी आकारणी सुरू होते.

विजेचेच पाहा. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटांना तो सर्वांत कमी. एका मीटरवर चार खोल्या जोडल्या की चार गरीब घरांचा एकत्रित वापर वातानुकूलित दिवाणखान्याच्या पंक्तीला जाऊन बसतो. स्वस्त विजेची सवलत ज्यांच्यासाठी, त्यांनाच ती अंतरते. वर मालक स्वतःचा दर लावतो तो वेगळाच!

तक्रार करावी तर वीज-पाणी तुटण्याचे भय. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 च्या 29 व्या कलमाने भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास घरमालकाला मनाई आहे. परंतु आज नवे बिऱ्हाड बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, अकरा महिन्यांच्या बोलीने येते, कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच नव्हे. मुदतीनंतर राहिल्यास 24 व्या कलमान्वये दुप्पट आकार. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना विधिमंडळाने भाडेकरूचा दर्जा दिला होता. ते धैर्य पुन्हा दिसले नाही.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. 1947 च्या कायद्याने सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलेल्या भाड्यात इमारतीची डागडुजी कशी करावी, हा त्यांचा प्रश्न खरा होता. पागडीने त्याचे उत्तर काळ्या पैशांत दिले. पण लायसन्सचे शुल्क बाजारभावाने घेतले जाते. तेथे ही सबब चालणार नाही.

55 व्या कलमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याच करारात वीज, पाणी, जिना-उद्वाहनाचा खर्च भाड्यात धरला की नाही, नसल्यास कोणत्या दराने, हा रकाना सक्तीचा करावा. पुरवठादाराच्या बिलाहून अधिक वसुलीस बंदी घालावी. आणि 29 व्या कलमात ‘भाडेकरू’पुढे ‘परवानाधारक’ हा एक शब्द वाढवावा. सरकारी तिजोरीला याची तोशीस नाही; गृहनिर्माण मंत्र्यांनी येत्या अधिवेशनातच तसे विधेयक आणावे.