मंच झगझगीत, दार एकच

महाविद्यालयाच्या आवारात, कार्यक्रमाच्या दिवशी, एखादा विद्यार्थी दगावला की पुढे काय होणार हे कोणीही आधीच लिहून ठेवावं. श्रद्धांजली होते, चौकशी समिती नेमली जाते आणि आठवड्याच्या आत सूचनाफलकावर परिपत्रक लागतं: ‘यापुढे आवारात असे कार्यक्रम घेतले जाणार नाहीत.’ त्याच सुमारास कुठल्या तरी वाहिनीवर चर्चा रंगते. एक वक्ते म्हणतात, टीव्हीवरच्या डान्स शोंनी पोरांची डोकी फिरवली, साध्या गॅदरिंगचा बाजार केला, त्याची ही फळं. दुसरे परंपरेच्या आठवणीनं गहिवरतात आणि आमच्या वेळी असलं काही होत नव्हतं, असं सांगतात. बंदीवाले, टीव्हीला झोडपणारे आणि गहिवरणारे, या तिन्ही पक्षांशी माझं भांडण आहे. दार कोणाच्या ताब्यात होतं, हे तिघांपैकी एकही विचारत नाही.

टीव्हीवरचा आरोप आधी घेऊ. तो सगळ्यांत कच्चा आहे. १९९६ मध्ये सोनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झालं. जावेद आणि नावेद जाफरी, रवी बहल असे तिघं बसायचे आणि समोर शाळकरी पोरांपासून त्यांच्या आयांपर्यंत कोणीही नाचून जायचं. २००९ मध्ये ‘डान्स इंडिया डान्स’ आलं. इकडे झी मराठीवरच्या ‘एकापेक्षा एक’नं सचिन पिळगावकरांना ‘महागुरू’ केलं ते कायमचंच. पण यांच्या आधी आपल्या गॅदरिंगमध्ये असं काय उदात्त घडत होतं? रेकॉर्ड डान्स होत होता. कॅसेट अडकली की मुली मंचावर तशाच ताटकळत उभ्या, मागच्या बाकांवरून शिट्ट्या, आणि पडद्याची दोरी ओढणारा नेमका त्याच वेळी चहाला गेलेला. गाणी तेव्हाही सिनेमाचीच होती. टीव्हीनं काही सात्त्विक बिघडवलं, हा दावा निव्वळ विसरभोळेपणावर उभा आहे. उलट शंभर स्नेहसंमेलनांना जमलं नसतं ते टीव्हीनं केलं. ‘नाचून पोट भरणार आहे का?’ या घरोघरच्या प्रश्नाला वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांकडून उत्तर मिळवून दिलं. तिथला ‘द किंग्ज’ हा संघ २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या ‘व्ही अनबीटेबल’नं ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’चं चॅम्पियन्स पर्व मारलं.

या दुसऱ्या संघाच्या नावातला ‘व्ही’ म्हणजे त्यांच्या एका साथीदाराच्या नावाचं आद्याक्षर. सरावात झालेल्या दुखापतीनं तो गेला. पोरांनी नाच सोडला नाही, त्याचं नाव अंगावर घालून मंचावर उतरली. टीव्हीनं अर्थात यातही आपलं साधून घेतलं. मरणाची चित्रफीत करायची, मागे करुण संगीत, परीक्षकांचे डोळे ओले, मग जाहिराती. हा या माध्यमाचा जुना रोग आहे. लहान मुलांना नको तसे हावभाव करायला लावण्याचा रोग तर इतका बळावला की जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांना कानपिचक्या द्याव्या लागल्या. शिवाय टीव्हीला दर पर्वात आधीपेक्षा उंच उडी हवी असते, आणि त्या उडीचा सराव कुठल्या तरी सोसायटीच्या सिमेंटच्या अंगणात होतो, जिथे कॅमेराही नसतो आणि गादीही नसते. हा आरोप कोणी केला तर मी त्याच्या बाजूनं बोलेन. पण तो आरोप कोणी करत नाही. आरोप होतो तो नाचावर, कपड्यांवर, गाण्याच्या शब्दांवर.

गॅदरिंगनं टीव्हीकडून काय उचललं आणि काय टाकलं, ते विंगेत उभं राहून पाहावं. समोर एलईडी वॉल, धुराचं यंत्र, तीन परीक्षकांची टेबलं, एक पाहुणे कलाकार. मागे जनरेटरची केबल पायऱ्यांवरून गेलेली, ती दिसू नये म्हणून वर सतरंजी टाकलेली. मागचं दार आहे, पण कुलूपबंद. चावी शिपायाकडे आणि शिपाई पुढे नाच बघायला गेलेला. बाजूच्या दारापुढे मंडपवाल्याच्या जादा खुर्च्यांची चळत. परीक्षक म्हणून मी ज्या सभागृहांत बसलो आहे, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हेच चित्र होतं. स्टुडिओत खुर्च्या असतील तेवढीच माणसं आत घेतात. तिथे फ्लोअर मॅनेजर नावाचा इसम हेडफोन लावून उभा असतो आणि तो थांबा म्हणाला की परीक्षकही थांबतात. आपण झगमगाट आणला, हा इसम आणायचा राहिला. टीव्हीची नक्कल झाली म्हणून मी नाराज नाही, अर्धीच झाली म्हणून आहे.

अर्ध्या नकलेची किंमत काय, ते केरळनं पाहिलं. २५ नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ. कोचीनचं विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे कुसॅट, कलमशेरीचं आवार. अभियांत्रिकीच्या मुलांचा तंत्रमहोत्सव चालू होता आणि खुल्या प्रेक्षागृहात निखिता गांधी या पार्श्वगायिकेचा कार्यक्रम होणार होता. फाटकातून आत गेलं की उताराच्या पायऱ्या. बाहेर गर्दी ताटकळलेली. पाऊस आला, आडोशासाठी लोक एकदम आत लोटले, पुढचे पायऱ्यांवर पडले आणि मागचे त्यांच्या अंगावर. चार जण गेले. तिघं तिथलेच विद्यार्थी आणि चौथा कार्यक्रम बघायला आलेला बाहेरचा तरुण. पन्नासहून अधिक जखमी झाले. प्राचार्यांना पदावरून हटवण्यात आलं. पोलिस बंदोबस्त मागणारं प्राचार्यांचं पत्र कुलसचिवांच्या कार्यालयात आधीच गेलं होतं, हेही पुढे बाहेर आलं.

त्या क्षणी मंचावर एकही गाणं झालेलं नव्हतं. कोणी नाचत नव्हतं, कोणी अश्लील काही करत नव्हतं. माणसं मेली ती एका फाटकामुळे, पायऱ्यांच्या उतारामुळे, पावसामुळे आणि तळाशी गेलेल्या एका पत्रामुळे. आता त्यानंतरची बंदी पाहा. २०२४ च्या जूनमध्ये केरळ विद्यापीठाच्या कार्यवट्टम इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं सनी लिओनीचा नृत्याचा कार्यक्रम ठरवला होता. कुलगुरूंनी तो नाकारला. बाहेरच्या कलाकारांच्या कार्यक्रमांवर कुसॅटच्या दुर्घटनेनंतर आलेले निर्बंध पुढे केले. नर्तिका कोण आहे हे पाहून जो निर्णय दोन मिनिटांत झाला, तो तिथल्या सभागृहाला दारं किती आहेत हे पाहून झाला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

बंदीनं जबाबदार माणूस तयार होत नाही, असलेलाही नाहीसा होतो. याचा दाखला शोधायला केरळात जायला नको. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन निवडणुकाच गेल्या. वर्गात जो पहिला तो वर्गप्रतिनिधी, आणि त्यांच्यातूनच सचिव. मारामाऱ्या थांबल्या, हे मान्य करतो. ते लहान काम नव्हतं. पण त्याबरोबर जी.एस., म्हणजे निवडून आलेला जनरल सेक्रेटरी, नावाचा प्राणीही नामशेष झाला. तो गॅदरिंगच्या खर्चाचा हिशेब मुलांना देणं लागायचा, कारण मतं त्यांनीच दिलेली असायची. त्याच्या जागी आला तो गुणपत्रिकेवरून निवडलेला, सरांच्या मर्जीतला, बहुधा नाचगाण्याशी देणंघेणं नसलेला मुलगा. आता गॅदरिंग प्रायोजक, इव्हेंटवाला आणि सांस्कृतिक विभागाचे सर असे तिघं मिळून उरकतात. काही बिघडलं तर विद्यार्थ्यांनी कोणाची कॉलर धरायची? २०१६ च्या कायद्यानं थेट निवडणुकांची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्ष मतदान लांबणीवर पडत राहिलं. एका मरणाचं उत्तर म्हणून आलेली बंदी तीन दशकं पुरली.

राहिले गहिवरणारे. त्यांना टेक्सासला न्यायला हवं, कॉलेज स्टेशन गावी, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात. दर वर्षी टेक्सास विद्यापीठाशी होणाऱ्या फुटबॉल सामन्याआधी तिथले विद्यार्थी मोठी होळी पेटवायचे. १९०९ पासूनची प्रथा. सुरुवातीला ती कचऱ्या-लाकडांचा ढीग होती. हळूहळू मुलं स्वतः झाडं तोडू लागली, ओंडके वाहू लागली, उभ्या ओंडक्यांचे थरावर थर चढवू लागली. १९६९ मध्ये रास १०९ फुटांवर गेली, तेव्हा कुठे विद्यापीठानं ५५ फुटांची मर्यादा घातली. लाल हेल्मेट घालणारे वरिष्ठ विद्यार्थी, त्यांना ‘रेडपॉट’ म्हणत, सगळं काम चालवायचे आणि रचण्याची विद्या पुढच्या तुकडीला सांगून जायचे. लेखी आराखडा असा नव्हताच. हे विद्यापीठ अभियांत्रिकीसाठी नावाजलेलं, तरीही. १९९४ मध्ये पावसानं भिजलेल्या जमिनीवर रास कलंडली. पाडून पुन्हा रचली आणि दोष चिखलाला दिला.

१८ नोव्हेंबर १९९९, पहाटे २ वाजून ४२ मिनिटं. सुमारे पाच हजार ओंडक्यांची ५९ फुटी रास मुलं अंगाखांद्यावर असतानाच कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. चौकशी आयोगाचा अहवाल मे २००० मध्ये आला. वरच्या थराचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे घुसून आतून ताण वाढला आणि बाहेरचा बांध तो पेलू शकला नाही, हे झालं तांत्रिक कारण. त्याच्या मुळाशी आयोगाला दिसला तो वर्षानुवर्षांचा प्रशासकीय ढिसाळपणा. मर्यादा ५५ फुटांची आणि रास ५९ फुटांची, यातले चार फूट कोणाच्या नजरेखालून वाढले?

परंपरा नव्वद वर्षांची आहे म्हणून ती पारखलेली आहे, हा गहिवरणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद इथेच मोडतो. पारखलेली होती ती जुनी, बुटकी रास. उंच मनोरा मागाहून आला आणि परंपरेचं नाव लावून बसला. त्यांचा दुसरा युक्तिवाद असा की एका वर्षाचा खंड पडला की प्रथा मेली. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा रचून तयार झालेली रास विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी उतरवली. त्या वर्षी होळी नाही. प्रथा मेली नाही, पुढे छत्तीस वर्षं चालली. आपल्याकडेही घरात सुतक असलं की सण करत नाहीत आणि पुढच्या वर्षी करतात. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

पण म्हणून बंदीवाल्यांनी खूश होऊ नये. २००२ मध्ये विद्यापीठानं होळी बेमुदत थांबवली, आणि मुलांनी ती आवाराबाहेर, खासगी जमिनीवर सुरू केली. तिथे त्यांनी रचना बदलली: आता प्रत्येक ओंडका जमिनीला टेकतो. जी सुधारणा विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी १९७० मध्ये करून द्यायला हवी होती, ती कुंपणाबाहेर झाली. जून २०२४ मध्ये होळी आवारात परत आणण्याची सूचना विद्यापीठाच्या अध्यक्षांनी फेटाळली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित फेटाळली असती. बारा घरांचा प्रश्न आहे. माझी तक्रार वेगळी आहे. रास कोसळली त्या जागेवर स्मारक आहे, बारा कमानी आहेत, एकेक कमान एकेका मुलाच्या गावाकडे तोंड करून उभी आहे, आणि दर १८ नोव्हेंबरला २ वाजून ४२ मिनिटांनी माणसं तिथे जमतात. म्हणजे शोक विद्यापीठानं आत ठेवला आणि जोखीम बाहेर पाठवली. बाहेर पाठवलेली जोखीम कमी झाली असेल तर ती मुलांच्या अकलेनं, संस्थेच्या नव्हे.

मग माझं म्हणणं काय? दुर्घटना झाली त्या वर्षी कार्यक्रम करायचा की नाही, हे मुलांना ठरवू द्यावं. ती बहुधा नाहीच म्हणतील, आणि त्या ‘नाही’ला परिपत्रकापेक्षा जास्त वजन असेल. चौकशी समितीत मेलेल्या मुलाच्या घरचं एक माणूस असावं आणि अहवाल पुढच्या गॅदरिंगआधी फलकावर लागावा, कपाटात जाऊ नये. विद्यार्थी परिषद निवडून यावी आणि तिच्यातल्या एकाला कार्यक्रम मध्येच थांबवण्याचा लेखी अधिकार असावा. पाहुणे कलाकार मंचावर असले तरी, संस्थाचालक पहिल्या रांगेत असले तरी. यंदाच्या मुलांनी पुढच्या मुलांना जे सांगायचं ते वहीत लिहून द्यावं: कुठली पायरी निसरडी आहे, कुठली केबल तापते, पाऊस आला तर लोक कुठल्या बाजूला धावतात. आणि नाच खुशाल टीव्हीवरचा करावा. लावणी करा, हिपहॉप करा, सात थरांचा मनोरा करायचा तर तोही करा, फक्त सरावाला गाद्या मागून घ्या.

यावर ‘पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप येणारच. एलईडी वॉलला मिळतो तिथूनच. प्रायोजकाला मंचामागचा फलक हवा असेल तर त्यानं दारावरच्या दोन माणसांचा आणि एका रुग्णवाहिकेचा खर्च उचलावा, नाही तर फलक मिळणार नाही, एवढं बोलायला सांस्कृतिक विभागाच्या सरांना कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक दारावर कागद चिकटवावा: या दाराचा जबाबदार अमुक, त्याचा मोबाइल क्रमांक, आत माणसं किती मावतात तो आकडा. कागदाची एक प्रत पोलिस ठाण्याला, एक कुलसचिवांना, आणि पोच घेताना तारखेबरोबर वेळेचाही शिक्का मारून घ्यावा.