दिवाळीला रावेरला जायचंय? मग गणपतीआधीच जागे व्हा

यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. म्हणजे पुण्यात शिकणारा अख्खा खान्देश शुक्रवारी, 6 तारखेच्या रात्री बॅगा उचलणार. त्या दिवशी पुण्याहून सुटणाऱ्या रेल्वेचं आरक्षण कधी उघडतं, माहितीय? 7 सप्टेंबरला, सकाळी आठला. गणपती 14 तारखेला बसतात. म्हणजे बाप्पा यायच्या आठवडाभर आधी तुम्हाला दिवाळीचं ठरवावं लागणार, आणि तेव्हा कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रकही लागलेलं नसतं!

पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती 60 दिवसांवर आली. आपल्यासारख्यांना हे खरं तर बरंच झालं, कारण चार महिने आधी सुट्टी कुणाला माहीत असते? दुसरा बदल मात्र अनेकांना ऐनवेळी कळतो. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी लागते आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून साध्या आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटंही आधार जोडलेल्या खात्यांनाच राखली गेली; जानेवारी 2026 पासून तर आरक्षण उघडण्याचा अख्खा पहिला दिवस ऑनलाइन त्यांनाच आहे. दिवाळीच्या तिकिटांचा सगळा खेळ त्या पंधरा मिनिटांतच संपतो, तेव्हा आधार आजच जोडून टाका.

पण आधार जोडूनही तिकीट मिळेलच असं नाही. भुसावळ आपलं मोठं जंक्शन, पण पुण्याहून तिथे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढे दानापूर, गोरखपूरला जातात. दिवाळीनंतर आठवडाभरात छठपूजा असते. बिहार-उत्तर प्रदेशचे कामगारही त्याच डब्यात जागा शोधत असतात आणि त्यांचा प्रवास आपल्यापेक्षा कितीतरी लांबचा. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, कमी आहेत त्या गाड्या. त्यात रावेर स्टेशनवरून बहुतेक सुपरफास्ट धडधडत निघून जातात. भुसावळला उतरा आणि मग एसटी किंवा मोठ्या भावाची बाइक. भुसावळ-खंडवा दरम्यान तिसरी आणि चौथी मार्गिका टाकायला केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. रावेर याच मार्गावर आहे. पण मंजुरीनंतर रूळ पडायला वर्षं जातात, हे वेगळं सांगायला नको.

मग उरते ट्रॅव्हल्स. संगमवाडीला रात्री नऊला जो भाव ऐकू येतो, त्याने पोटात गोळा येतो. नियम काय सांगतो? 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार खासगी बसला त्याच दर्जाच्या एसटीच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं. मुलींनी इथे जरा हिशेब करावा. एसटीत त्यांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. दीडपट म्हणजे त्यांच्या लेखी थेट तिप्पट, आणि तेही ट्रॅव्हल्सवाला नियमाने वागला तर!

हा नियम दिवाळीतच का मोडतो? मालक म्हणतात, येताना गाडी रिकामी आणावी लागते. त्यात तथ्य आहे, पण दीडपट ठेवली ती याच कारणासाठी ना? खरी अडचण वेगळी आहे. रात्री दहाला शेवटच्या बसच्या दारात उभा असलेला पोरगा तक्रार करत नाही, गुपचूप पैसे देतो. तक्रार करायची तर आरटीओकडे करता येते, पण हातात भाडं लिहिलेलं तिकीट हवं. म्हणून नुसत्या सीट नंबरच्या चिठ्ठीवर बसू नका, मोबाइलवर तरी पावती मागाच.

सरकारने मनावर घेतलं तर भाडं रोखता येतं. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं रद्द झाली, तेव्हा केंद्राने 500 किलोमीटरपर्यंतच्या तिकिटाला 7,500 रुपयांची तात्पुरती मर्यादा घातली होती. एसटीनेही गेल्या दिवाळीत 10 टक्के हंगामी वाढ जाहीर करून पूरस्थितीमुळे ती मागे घेतली. विमानवाल्यांसाठी दिल्ली हलते, एसटीसाठी मुंबई हलते, संगमवाडीसाठी कोण हलणार?

आणखी एक, जरा गंभीर. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस पेटली, 12 जण गेले. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस जळाली, 25 जण गेले. दोन्ही अपघात रात्रीच्या प्रवासातले. स्लीपरमध्ये शिरलात की मोबाइल काढण्याआधी संकटकालीन दार कुठे आहे, ते उघडं आहे की पार्सलं रचून बंद केलंय, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, एवढं बघा. दार बंद दिसलं तर कंडक्टरला मोठ्याने विचारा. आजूबाजूचे हसतील, हसू देत.

परतीचं सगळेच विसरतात. भाऊबीज 11 तारखेला, म्हणजे गर्दी रविवारी, 15 नोव्हेंबरला. मुदत मोजतात ती गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या दिवसापासून. दानापूरकडून आदल्या दिवशी निघून रविवारी भुसावळला येणाऱ्या गाडीचं आरक्षण 16 ला नाही, 15 सप्टेंबरलाच उघडेल. गणपतीचा दुसरा दिवस आहे. सकाळची आरती सव्वाआठला ठेवा.