दुकानात दुसरा कटर, की फडताळात स्पेअर?



मीरा-भाईंदरमध्ये काशीमिऱ्याच्या बाजूला यंत्रअवजारांचे एक दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन, पॉवर वीडर आणि चेनसॉ, म्हणजे गावात ज्याला आपण सरसकट 'कटर' म्हणतो तो, असा सगळा माल तिथे मिळतो. महिन्यापूर्वी तिथे गेलो तेव्हा दुकानदाराने चहा मागवला आणि विचारले, "साहेब, एका कंपनीचा कटर मी ठेवतोच. आता दुसऱ्या कंपनीचा माणूस एजन्सी घ्या म्हणून मागे लागला आहे. घेऊ का? तुम्ही शेतकऱ्यांत फिरता, तुम्हीच सांगा."

प्रश्न दुकानदाराच्या गल्ल्याचा. त्यात जिल्हा बैठकीने डोके का घालावे, असे काहीजण म्हणतील. मीरा-भाईंदरमध्ये आता शेती उरली आहे ती उत्तन, डोंगरी, चौक या बाजूला, तीही वाडीपुरती. पण या दुकानाचे गिऱ्हाईक फक्त शहरातले नाही. वर्सोव्याचा पूल ओलांडला की वसई, सफाळे, पालघर, डहाणू हा सगळा पट्टा महामार्गाने इथे उतरतो. घोलवडचा चिकूवाला आणि सफाळ्याचा आंबेवाला शंभरएक किलोमीटरच्या आतबाहेरचा प्रवास करून इथे मशीन घेतो आणि बिघडले की इथेच घेऊन येतो. तेव्हा दुकानदार काय ठेवतो आणि काय ठेवत नाही, याचा हिशेब शेवटी आपल्या बागेत होतो.

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. मला २०२१ सालचा मे महिना आठवला.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या होत्या. या खेपेला आमच्या बाजूच्याही बागांना तडाखा बसला. सफाळ्याजवळच्या एका बागायतदाराची जुनी आंब्याची झाडे कलंडली. अर्धी मुळे जमिनीत, अर्धी वर. असे झाड मेलेले नसते. फांद्यांचा भार उतरवला, उघडी मुळे सुकण्याआधी झाड सरळ करून माती लावली, कापांवर बोर्डो पेस्ट फासली तर त्यातली बरीच झाडे जगतात. पण हे काम दिवसांच्या हिशेबाचे आहे, महिन्यांच्या नाही. त्याच्याकडे कटर होता. दुसऱ्या दिवशी तो सुरू होईना. कार्बोरेटरमधला पडदा कडक झाला होता. नखाएवढी रबरी चकती! दुकानात नव्या मशीनचे खोके छताला टेकले होते. ती चकती मात्र नव्हती. "वरून येईल" या उत्तरावर अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत त्याची झाडे मेली. हापूसचे झाड दहा-दहा मीटरवर लावतात, हेक्टरी शंभर. त्यातले एक गेले की नवे कलम हातात उत्पन्न द्यायला किती वर्षे घेते, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ.

दुसरी एजन्सी घ्यावी, या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि संघटनेचा माणूस म्हणून ते आधी मांडणे माझे कर्तव्य आहे. आपण आयुष्यभर झोनबंदीविरुद्ध बोललो. एकाच कारखान्याला ऊस घालायची सक्ती असली की भाव कारखाना ठरवतो, हे आपण चावडीचावडीवर सांगितले. एका कंपनीच्या दावणीला बांधलेला दुकानदार हाही तसाच ऊसवाला आहे. कंपनी टार्गेट ठरवते, मार्चअखेरीस नको असलेली मशीन त्याच्या गोदामात ढकलते, तक्रार केली तर शेजारच्या गल्लीत दुसरी एजन्सी देईन असा दम भरते. दुसरे नाव हाताशी असले तर त्याची पाठ थोडी ताठ होते. शिवाय गिऱ्हाइकाच्या गरजाही वेगळ्या आहेत. महापालिकेच्या पावसाळ्याआधीच्या छाटणीचा ठेकेदार दिवसभर मशीन चालवतो. चिकूच्या दाट बागेत उजेड सोडायला फांद्या विरळणाऱ्याला हलके मशीन पुरते. दोघांना एकच कटर गळ्यात मारणे बरे नव्हे.

हे सगळे मान्य. पण यावर आपले काही कार्यकर्ते पुढची उडी मारतात, ती मला मान्य नाही. ते म्हणतात, "दोन नावे म्हणजे स्पर्धा; स्पर्धा म्हणजे शेतकऱ्याचा फायदा." एकाच दुकानात, एकाच मालकाकडे, एकाच मेकॅनिकच्या हाताखाली दोन रंगांची मशीन मांडली, याला स्पर्धा म्हणायचे काय? मशीन घेताना फार तर हजार-पाचशे सुटतील. कटर मात्र एकदा घेतला की त्यापुढची पाच-सात वर्षे तो स्पेअर खातो. खरी बाजारपेठ तिथे आहे, आणि तिथे शेतकरी पुन्हा एका दाराशी उभा.

हिशेब मांडून पाहा. धरून चाला, दुकानदाराचे या धंद्यातले भांडवल पाच लाख आहे. तीन लाखांची मशीन, दोन लाखांचे स्पेअर. दुसरी कंपनी म्हणते, पहिली ऑर्डर दोन लाखांची हवी. बँक जास्त देत नाही, उधारी वसूल होत नाही. मग ते दोन लाख येणार कुठून? शोकेसमधले मशीन कमी करता येत नाही, ते गिऱ्हाइकाला दिसते. कमी होते ते फडताळातले न दिसणारे सामान. म्हणजे काल एका कंपनीचे स्पेअर निम्मेशिम्मे होते, उद्या दोन कंपन्यांचे पाव पाव राहील.

स्पेअरमध्येही दोन जाती आहेत, हे मशीन घेताना कोणी सांगत नाही. चेनचे माप जुळले, म्हणजे पिच, गेज आणि खालच्या दात्यांची संख्या सारखी असली, तर एका कंपनीची चेन दुसऱ्याच्या मशीनवर चालते. स्पार्क प्लगचेही बरेचसे तसेच. पण पिस्टन, क्लच, इग्निशन कॉइल, कार्बोरेटरचा संच हे ज्याचे त्याला. चिनी बनावटीचे ५२ आणि ५८ सीसीचे जे कटर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यातल्या पुष्कळांचे आतले सामान मात्र एकाच साच्याचे असते. एकाचे दुसऱ्याला बसते. त्यांचा दर्जा कुठे बरा, कुठे वाईट. पण स्पेअर मिळण्याच्या बाबतीत ही स्वस्त मशीन कधी कधी नामांकितांना मागे टाकतात, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

त्यात आता पेट्रोल बदलले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलची मागणी आपणच केली होती, ऊसवाल्याला त्यात दाम दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि टाकीत तसेच राहिले तर जुन्या बनावटीचे रबरी पडदे, नळ्या खराब करते. वर्षातून दोन महिने चालणाऱ्या शेतकऱ्याच्या कटरला याचा फटका रोज चालणाऱ्या ठेकेदाराच्या कटरपेक्षा जास्त. काम संपले की टाकी रिकामी करावी, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवावे. एवढे केले तरी त्या चकतीची गरज वाढणार आहे, कमी होणार नाही.

यात आपलीही चूक आहे. दुकानात जाऊन मशीन पाहायचे, आणि तीनशे रुपये स्वस्त म्हणून ते मोबाइलवरून मागवायचे, मग बिघडले की त्याच दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे, हे आपलेच लोक करतात. एका गावात सात शेतकरी, सात नावांचे सात कटर. मग कोणाचे स्पेअर कोणाला बसत नाही.

आणखी एक बाब मी सोडणार नाही. आपल्या बागांत कटर मालक चालवत नाही. चालवतो तो मजूर, बहुतेक वेळा आदिवासी पाड्यावरचा, पायात साधी चप्पल. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणात उलटे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. त्यासाठी पुढे चेन-ब्रेक असतो. तो चालतो की नाही, हे विकताना दाखवणारे दुकान मी क्वचित पाहिले. दुसऱ्या कंपनीला शोकेसमध्ये जागा करण्याआधी हेल्मेट, जाळीचा चष्मा, हातमोजे आणि बूट यांना जागा करा, असे मला दुकानदाराला सांगायचे आहे. आणि मजुराला ते घेऊन देण्याचा खर्च आपला आहे, हे शेतकऱ्यांना.

दुरुस्तीचा हा प्रश्न फक्त काशीमिऱ्याचा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजवाल्याला मूळ स्पेअर मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण तत्त्व मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारे हे एक क्षेत्र धरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही उघडले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करण्यासाठी लागणारे सुटे भाग, हत्यारे आणि माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. तिथला शेतकरी मोठा ट्रॅक्टरवाला, आपला कटरवाला. अडवणूक मात्र एकाच जातीची. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण मागतो, त्यात नुसते यंत्र विकत घेण्याचे स्वातंत्र्य येत नाही. ते उघडण्याचे आणि दुरुस्त करण्याचेही येते.

परवा पुन्हा काशीमिऱ्याला गेलो आणि दुकानदाराला उत्तर दिले. दुसरी एजन्सी घ्यायची की नाही, हा तुमचा अधिकार आहे. कोणत्याही कंपनीने तो अडवू नये आणि आम्हीही अडवणार नाही. पण आमचा गठ्ठा व्यवहार हवा असेल तर क्रम असा ठेवा: आधी जे मशीन विकले त्याचे पडदे, प्लग, चेन, कॉइल यांचा साठा मे महिन्याच्या पहिल्या तारखेला पुरा, मग मेकॅनिकला जोड म्हणून एक शिकाऊ मुलगा, शक्य तर पालघर बाजूचाच, आणि त्यानंतर पैसे उरले तर दुसरे नाव. तेही घेताना त्या कंपनीकडून स्पेअर किती दिवसांत देणार हे लेखी घ्या. जो माणूस एजन्सी द्यायला येतो पण हे लिहून देत नाही, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तो हसला आणि म्हणाला, "स्पेअर ठेवायला पैसे अडकतात, साहेब. तुमचे शेतकरी घेतीलच याची हमी कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी एकट्याने देऊ शकत नाही. म्हणून ते बैठकीपुढे ठेवतो. प्रत्येक गावाने ठरवावे की पुढचे कटर शक्यतो एकाच बनावटीचे घ्यायचे. कोणाकडे कोणते मशीन आहे याची यादी तालुक्याला करावी. आणि दर मशीनमागे थोडी रक्कम आगाऊ जमा करून पावसाळ्याआधी स्पेअरचा एक डबा गावातच ठेवावा. यादी हातात घेऊन गेलो तर दुकानदाराला हमी मिळेल. रिकाम्या हाताने गेलो तर तो शोकेसच सजवणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

वादळ कोणत्या मे-जूनमध्ये येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती चकती फडताळात असेल की नसेल, हे मात्र आपल्याला आज ठरवता येते. बैठकीला येताना आपापल्या गावची यादी घेऊन या.